डोंगरातले पक्षी कशाने घटले?

प्रश्न : आमचे गाव कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराला लागून आहे. पूर्वी पावसाच्या तोंडावर नवरंगाची दुपदरी शीळ हमखास कानी पडे. आता मृग उलटला तरी बुलबुल आणि होले यांच्याखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. वडीलधारे म्हणतात, पाऊस आटला. तरुण मंडळी म्हणतात, जंगल तुटले. यातले खरे कोणते?
— एक वाचक, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही कारणे खरी आहेत, त्यांची वाटणी करणे मात्र अवघड आहे, कारण आपल्याकडे दुष्काळच माणसाला डोंगरात ढकलतो.

आधी पावसाचे पाहू. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या काळात सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु पक्ष्यांच्या दृष्टीने या बेरजेपेक्षा तो केव्हा पडला, हे महत्त्वाचे असते. नवरंग हा पालापाचोळा चोचीने उलटून किडे-गांडुळे टिपणारा पक्षी आहे. जुलैत पिल्ले घरट्यात असताना तीन आठवडे उघडीप पडली, तर पाचोळा वाळतो, त्यातले किडे कमी होतात, आणि पुढे सप्टेंबरात पावसाने सरासरी गाठली तरी त्या पिल्लांना तिचा उपयोग नसतो. चातकाचे गणित याहून गुंतागुंतीचे, कारण तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. झुडपे विरळ होऊन सातभाई हटले, की वेळेवर आलेल्या पावसानेही चातकाचे भागत नाही.

२०१५ किंवा २०१८ सारख्या वर्षी रानातला चारा संपला, की गुरे डोंगरात जातात, हिरव्या फांद्या छाटल्या जातात आणि सरपणाची मोळी जड होत जाते. यात दोष देण्यासारखे काही नाही. पोटाचा प्रश्न आहे. मात्र सावली गेलेली, पाचोळा तुडवला गेलेली जमीन पडलेला पाऊसही धरून ठेवत नाही, आणि म्हणून तेवढ्याच पावसात राखलेल्या रानातले पक्षी तग धरतात, तर उघड्या रानातले धरत नाहीत.

सरपणाचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. धावड्याचे किंवा सालईचे वाळून उभे राहिलेले खोड आपल्याला निरुपयोगी वाटते. सुतार पक्षी त्यात ढोली कोरतो, आणि त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे पिंगळा, साळुंकी नाहीतर दयाळ संसार थाटतो. ते एक खोड मोळीत गेले, की इतक्या जणांचे घर जाते. चैत्रातल्या वणव्याचेही तसेच: रातवा घरटे बांधतच नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो, आणि नवे गवत फुटावे म्हणून लावलेली आग त्यांच्यावरून जाते.

आपल्याला बुलबुल आणि होले का ऐकू येतात, याचे उत्तर यातच आहे. बुलबुल झुडपावरचे फळ खातो, घाणेरीचेही. होला शेताच्या बांधावर दाणे टिपतो. उजाड रानातही अशा पक्ष्यांचे भागते, त्यामुळे नुसती संख्या मोजली तर काहीच बिघडले नाही असा समज होतो. घट होते ती जातींच्या विविधतेत.

आपल्या डोंगरापुरती खात्री करायची असल्यास चराईबंदीचा एक उतार आणि गुरांच्या वाटेवरचा एक उतार निवडा. जूनपासून दर आठवड्याला एकाच वेळी दोन्हीकडे अर्धा तास थांबून ऐकू येणाऱ्या जाती वहीत लिहा, आणि शेजारी त्या आठवड्याचा पाऊस नोंदवा. पाऊस दोन्ही उतारांवर जवळजवळ सारखाच असेल; तेव्हा नोंदींत पडणारा फरक प्रामुख्याने कशाचा, हे आपल्या वहीतच दिसेल. एका हंगामावर मात्र विसंबू नका, निदान तीन पावसाळे नोंदी ठेवा.