एक सर, आठ मुलं आणि जर्मन : छोट्या कॉलेजात परदेशी भाषा शिकावी का?

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलाला किंवा मुलीला परदेशी भाषा शिकायची आहे आणि सोलापुरात सोय आहे ती एखाद्या छोट्या कॉलेजात. मग पुण्याला पाठवायचं, की हा नाद सोडायला लावायचा? २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनची चौकशी फार वाढली आहे. पण तो करार नर्स, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा कामांसाठी आहे. बीएला भाषा आणि साहित्य घेणाऱ्याची वाट निराळी असते आणि तिच्याबद्दल घरच्यांना नीट सांगणारं कोणी भेटत नाही. म्हणून एका मुलीची हकिकत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कन्नड आणि हिंदी. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, आई विड्या वळणारी. अकरावीला तिने जर्मन घेतलं ते मार्क मिळतात म्हणून, पुष्कळ मुलं घेतात तसंच. पण बोर्डाची परीक्षा संपली तरी तिची जर्मनची वही मिटेना. शहरातल्या एका छोट्या कॉलेजात इंग्रजी साहित्य हा मुख्य विषय आणि जोडीला जर्मन भाषा-साहित्य घेता येत होतं. तिला तेच हवं होतं.

वडील खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच बोलू लागले. "मॅडम, पोरगी ऐकना झालीय. एक सर, आठ पोरं. ह्याला काय कॉलेज म्हणायचं? पुण्याला ठेवायची आपली ऐपत नाही, आणि इथं शिकून हिला नोकरी कोण देणार? आपल्या गावातलं कोण शिकलंय असल्या भाषा?"

"डॉक्टर कोटणीस, नान्ना," मुलगी म्हणाली.

खरं होतं तिचं. सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे राहून चिनी शिकले आणि १९४२ साली तिथेच वारले. भैया चौकातल्या त्यांच्या स्मारकाशी ती शाळेच्या सहलीतून गेली होती. पण मी तिला हेही सांगितलं की कोटणीसांच्या कानावर दिवसभर चिनीच पडत होती. तुझ्या कानावर जर्मन किती पडणार आहे, तेच आपल्याला बघायचंय.

वडिलांच्या बोलण्यात तीन काळज्या एकमेकींत गुंतल्या होत्या : वर्ग लहान, पैसा कमी, नोकरीचा भरवसा नाही. पहिल्या काळजीबद्दल माझं मत ठाम आहे. आठ मुलांचा वर्ग हा भाषेच्या बाबतीत दोष धरूच नये. साठ जणांच्या वर्गात मुलाला दिवसाकाठी एक वाक्य बोलायची पाळी येत नाही, आठ जणांत ती पुन्हा पुन्हा येते. मात्र सरांनी वर्गात ती भाषा बोलली पाहिजे. व्याकरण इंग्रजीतून फळ्यावर उतरवून द्यायचं आणि मुलांनी ते पाठ करायचं, असा वर्ग आठचा असो की ऐंशीचा, सारखाच. म्हणून मी दोघांना एकच काम दिलं. प्रवेशाआधी सरांची परवानगी घेऊन दुसऱ्या वर्षाच्या एका तासाला मागच्या बाकावर बसायचं. वडिलांनीसुद्धा.

वडील सेकंड शिफ्टला जायच्या आधी वेळ काढून खरंच बसले. त्यांना अक्षर कळलं नाही, पण नंतर त्यांनी मला सांगितलं, "सर बोलतात त्याच्यापेक्षा पोरंच जास्त बोलत होती." एवढं मला पुरेसं होतं.

दुसरी चौकशी जरा अडचणीची असते, पण ती केलीच पाहिजे. सर कायम नोकरीत आहेत की तासिका तत्त्वावर? ते मध्येच गेले तर कोण शिकवणार? मुलांची संख्या घटली तर विषय तिसऱ्या वर्षापर्यंत चालू राहील का? छोट्या कॉलेजात विषय असे अर्ध्यावर बंद पडतात आणि मुलांना ऐनवेळी दुसरा पेपर घ्यावा लागतो. प्राचार्यांना हे विचारताना पालक संकोचतात. संकोचू नका. या कॉलेजाने सरळ उत्तर दिलं : सर कायम आहेत, पण त्यांच्या निवृत्तीनंतरचं काही सांगता येत नाही. निवृत्तीला वेळ होता, मुलीची तीन वर्षं निभत होती.

पैशाची गोष्ट लवकर सुटली. पुण्यातली खोली, मेस आणि क्लास यांचा खर्च तीन वर्षं पेलण्यापेक्षा इथे राहून परीक्षा बाहेरून द्यायची. परदेशी भाषेत कॉलेजच्या मार्कांना कंपन्या फार विचारत नाहीत, त्या पातळी विचारतात. युरोपीय चौकटीत ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या सहा पातळ्या आहेत. जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा पुण्याच्या माक्स म्युलर भवनात देता येते. तुम्ही कुठे शिकलात, छोट्या कॉलेजात की मोठ्या, यातलं काही प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. जपानी शिकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : जेएलपीटी या जपानीच्या पातळी-परीक्षेत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे तिथे नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही, बोलायचा सराव वेगळा करावा लागतो.

राहिली नोकरी. इथे मी वडिलांना खोटी आशा दाखवली नाही. नुसत्या बीएवर जर्मनची नोकरी मिळणार नाही. चाकणच्या जर्मन कंपन्या असोत, आयटीतलं भाषेचं काम असो की शाळेत शिकवणं, बी२ च्या खाली फारसं कोणी उभं करत नाही. वडिलांनी पुढचा प्रश्न टाकला, "मोबाइलच करतोय की भाषांतर, मग हिचं काय काम?" प्रश्न रास्त होता. साधी पत्रं, यंत्रासोबत येणारी माहितीपत्रकं आता मशीन करू लागलं आहे. म्हणूनच अर्धवट भाषा शिकून थांबण्यात अर्थ नाही. मशीनने केलेलं कुठे चुकलं, कुठे उद्धट झालं, कुठे अर्थ उलटला हे ओळखायला खोल वाचन लागतं, आणि ते साहित्य वाचून येतं. साहित्याच्या तासांना 'टाइमपास' म्हणणाऱ्या पालकांशी मी या एका मुद्द्यावर वाद घालते. गोष्टीतलं पात्र एखादं वाक्य चिडून म्हणतं की लाडाने, हे ओळखता आलं की भाषा मुरायला लागली.

मुलीजवळ आणखी एक भांडवल होतं, ते तिलाच माहीत नव्हतं. जर्मनमध्ये तीन लिंगं आणि चार विभक्ती. इंग्रजी माध्यमातली मुलं तिथे रडकुंडीला येतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला तो, ती, ते आणि आठ विभक्तींची सवय असते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं याचंही तिला नवल वाटलं नाही. घराबाहेर पाऊल टाकलं की भाषा बदलायची, हे तर सोलापुरातल्या मुलांना लहानपणापासून येतंच.

प्रवेश इथेच घ्यायचा ठरला, अटीसह : पदवी संपायच्या आत बी१ आणि मग पुढचं बघायचं. एमएसाठी हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ, आणि दिल्लीचं जेएनयू हे दोन्ही पर्याय मी तेव्हाच कागदावर लिहून दिले. हैदराबाद त्यांना जवळचं, नातेवाईकही तिथे.

तिसऱ्या वर्षी ती बी१ ला बसली. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे चार भाग, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. संभाषणात तिला उत्तम गुण मिळाले, लेखन-वाचनही निघालं. श्रवण राहिलं. कारण शोधायला वेळ लागला नाही : तीन वर्षं तिने एकाच माणसाच्या तोंडून जर्मन ऐकलं होतं. सर हळू आणि स्पष्ट बोलतात, ध्वनिफितीतली बाई भरभर बोलली आणि हिचा धागा सुटला. छोट्या कॉलेजची खरी उणीव ही आहे, आणि ती घरी भरून काढता येते. डॉइशे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर हळू वाचलेल्या बातम्या फुकट ऐकता येतात. आधी त्या ऐकायच्या, मग नेहमीच्या वेगाच्या. आता ती रोज ऐकते, आई विड्या वळत असते तेव्हा शेजारी बसून. बी१ चे भाग सुटे देता येतात, त्यामुळे तिला फक्त श्रवणाची फी भरून तेवढाच पेपर पुन्हा द्यायचा आहे. फॉर्म भरून झाला आहे.