“मॅडम, माझ्यात लीडरशिप नाही”

म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि शहराच्या आसपास मेडिकल कॉलेजं, त्यामुळे नाशिकमध्ये माझ्याकडे समुपदेशनासाठी एमबीबीएसची मुलं नेहमीच येतात. “गोरगरिबांसाठी काम करायचंय, पण माझ्यात लीडरशिप नाही,” हे त्यांच्या तोंडून दरवर्षी ऐकते.

ही मुलगी सुरगाण्याकडची. दोन भेटी जेमतेम बोलली. वडिलांना तिनं पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घ्यायला हवं होतं, हिला पाड्यांवर काम. “डॉक्टर बंग दांपत्यानं गडचिरोलीत आदिवासींसाठी केवढं उभं केलं! मला स्टेजवर धड बोलताही येत नाही.”

तिसऱ्या भेटीत सहज बोलता बोलता वॉर्डातली गोष्ट निघाली. पेठकडची बाई, मुलाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. सगळे म्हणायचे, ‘ही माणसं फॉलोअपला येतच नाहीत.’

“तू काय केलंस?”

“काही नाही. नुसतं विचारलं. फाट्यापर्यंत चालत, मग दोन गाड्या. पोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद. मी सरांना सांगून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दोन महिन्यांच्या लिहून घेतल्या.”

“आता येते?”

“येते.”

“हे कुणी केलं?”

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसावं, हे मी अनुभवानं शिकले आहे. शेवटी म्हणाली, “मला हे काम वाटलंच नव्हतं.”

तिच्या मनात नेतृत्व म्हणजे माईक होता. आपण कमी पडतो ही भावना बहुतेकदा अशा चुकीच्या मापातून येते. माप बदललं की माणूस हलतो, असं मी ठामपणे मानते. बंगांनीही गावातली बाळं का दगावतात हे आधी मोजलं, मग गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. सरकारही सगळीकडे एकच माप लावत नाही: मैदानी भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात २०,००० मागे. डोंगरातलं अंतर धरूनच हा फरक ठेवलाय. सगळ्यांना सारखं देणं वेगळं, ज्याला जितकं लागतं तितकं देणं वेगळं.

म्हणून अशा मुलांना सांगते: दहा रुग्णांचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी वहीत लिहा. गावातल्या आशा सेविकेसोबत एक दिवस फिरा. ती वही घेऊन कम्युनिटी मेडिसिनच्या, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय शिकवणाऱ्या सरांकडे जा. आणि घरी सांगा, या विषयातही एमडी होतं. हिच्या वडिलांना हे ठाऊकच नव्हतं.

ती आता इंटर्न आहे. परवा फोन आला, “मॅडम, वहीत एक रकाना वाढवलाय. परतीची शेवटची गाडी किती वाजता.”