पुनर्विकासाच्या सभेत सतत प्रश्न विचारणाऱ्या रहिवाशांमुळेच प्रकल्प रखडतात का? अधिकाऱ्यांना नेमके काय विचारावे?

आपण लिहिले आहे की तुमच्या गल्लीतील जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे ज्यांच्या दुरुस्तीसाठी सरकार उपकर घेते अशा) इमारतींच्या पुनर्विकासासाठी अधिकाऱ्यांनी पुन्हा सभा बोलावली आहे, आणि मागच्या सभेत प्रश्न विचारणाऱ्या दोघातिघांना बाकीच्या रहिवाशांनी "तुमच्यासारख्यांमुळेच काम अडते" असे सुनावून खाली बसवले. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: नाही. प्रकल्प रखडतात ते विकासकाचा पैसा आटल्यामुळे, भाडे थकल्यामुळे, पात्रतेच्या यादीतील घोळामुळे आणि सभेतच मिटू शकले असते असे वाद न्यायालयात गेल्यामुळे. हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण हाच आरोप माझ्या आईवर झाला होता आणि तो आमच्याच घरातून झाला होता.

लालबागच्या आमच्या चाळीत आजोबांनी शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. आजोबा गिरणीत होते, वडीलही गिरणीत होते. १९८२च्या संपात वडिलांची नोकरी गेली आणि पुढे काही वर्षांनी तेही गेले. एका खोलीत काका, काकू आणि चुलत भाऊ, दुसऱ्या खोलीत आई आणि आम्ही बहिणी, अशी विभागणी कोणी कागदावर न लिहिता ठरून गेलेली होती. भाडेपावत्या मात्र दोन्ही खोल्यांच्या आजोबांच्याच नावाने फाटत राहिल्या. घरमालकाचा माणूस येई, भाडे घेई, वारलेल्या माणसाच्या नावाची पावती हातात ठेवून जाई, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. १९४७च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी गोठवून ठेवल्यानंतर घरमालकाला इमारतीत रस उरला नव्हता आणि भाडेकरूला पावतीवरचे नाव बदलून घेण्याची निकड नव्हती. इमारत हळूहळू खचत होती. आमच्या जिन्याखाली दुरुस्तीच्या वेळी लावलेले लाकडी टेकू इतकी वर्षे तसेच राहिले की त्यांना खिळे ठोकून लोक छत्र्या आणि दुधाच्या पिशव्या अडकवू लागले होते.

त्यामुळे पुनर्विकासाची सभा ठरली तेव्हा चाळीत आनंदच होता, आणि तो खरा होता. शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर नव्या इमारतीची चित्रे दाखवली गेली. अधिकारी बोलले, विकासकाचा आर्किटेक्ट बोलला. लोकांनी कार्पेट किती मिळणार, पार्किंग आहे का, देवघराची दिशा कोणती, असे प्रश्न विचारले आणि त्यांना उत्तरेही मिळाली. मग आई उठली. तिने भाडेपावत्यांची प्लॅस्टिकची पिशवी बरोबर आणली होती. ती म्हणाली, "साहेब, ही पावती माझ्या सासऱ्यांच्या नावाची आहे. सासरे वारले, माझे यजमानही वारले. तुमच्या यादीत नाव कोणाचे लागणार? आणि आता मी पावती माझ्या नावावर करून घेतली, तर मला नवीन भाडेकरू धरून यादीबाहेर काढणार का?"

हा प्रश्न तिने हवेत मारलेला नव्हता. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा जो ३३(७) हा नियम आहे, त्यात १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेले नवे भाडेकरू पुनर्वसनासाठी धरले जात नाहीत. नियम योग्यच आहे, कारण तो नसेल तर कागदावर एका खोलीचे चार भाडेकरू दाखवून वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी, उकळता येईल. पण ज्यांच्या पावत्यांवर अजून मागच्या पिढीचे नाव आहे, त्यांना या तारखेची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. वारसाने आलेले नाव म्हणजे नवा भाडेकरू नव्हे, हे कायद्याच्या जाणकाराला ठाऊक असते. पाळ्या सांभाळून उभे आयुष्य काढलेल्या माणसाला आणि त्याच्या विधवेला ते कोणी समजावून सांगितलेले नसते.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "मावशी, काळजी करू नका, वारसाचेच नाव लागते, कोणावर अन्याय होणार नाही." आई म्हणाली, "मग हे तेवढे लिहून घ्या." त्यावर हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. माझा चुलत भाऊ तेव्हा चाळकमिटीचा सेक्रेटरी होता. तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काकू, बसा आता. घरचे प्रश्न घरी सोडवू, इथे सगळ्यांचा खोळंबा नको." आई बसली. मी तिच्या शेजारी होते. तिने पावत्यांची पिशवी घडी घालून पदराखाली घेतली, ते मला अजून दिसते आणि अजून सहन होत नाही.

अधिकाऱ्यांचे उत्तर चुकीचे नव्हते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ७(१५) नुसार भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो आणि कोण, यावर वारसांचे एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. उत्तर बरोबर होते, पण ते हवेत विरून गेले. पुढे आम्ही माहितीच्या अधिकारात सभेचे इतिवृत्त मागवले, तेव्हा त्यात एवढेच वाक्य मिळाले: "उपस्थितांच्या शंकांचे निरसन करण्यात आले." कोणती शंका, कोणी विचारली, काय उत्तर दिले, काही नाही. वर्षभरात त्या खुर्चीवर दुसरे अधिकारी आले, तर "मागच्या साहेबांनी असे सांगितले होते" या वाक्याची किंमत किती असते, हे सरकारी कार्यालयात कधीही खेटे घातलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मग आईने आणि मी पत्र लिहिले. तोच प्रश्न, नियमाचा क्रमांक, तारीख, आणि "लेखी उत्तर मिळावे" ही विनंती. पत्र लिहितो आहोत हे कळल्यावर एकेक शेजारी आपापली पावती घेऊन दारात येऊ लागला, कारण जवळजवळ निम्म्या चाळीच्या पावत्या वारलेल्या माणसांच्या नावावर होत्या. सगळ्यांच्या सह्या घेऊन पत्र आवक विभागात दिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेतली. लेखी उत्तर यायला वेळ लागला, पण ते आले, आणि त्याच्या आधारे यादी पक्की होण्यापूर्वी वारसनोंदी करून घेता आल्या. माझा तो चुलत भाऊ, दादा, त्या महिन्यांना "काकूने वाया घालवलेले महिने" म्हणतो. त्यानंतर विकासकाकडे पैसा नाही म्हणून काम कितीतरी अधिक काळ बंद पडले होते, पण त्या काळाचे नाव त्याच्या तोंडून कधी येत नाही.

आपल्या शहरातील मोठी उदाहरणे पाहिली तरी हेच दिसते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये, म्हणजे पत्राचाळीत, २००८ मध्ये रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, ६७२ कुटुंबांनी घरे रिकामी केली, पुढे भाडे थांबले आणि दशक उलटून गेले तरी लोकांना घर मिळाले नाही. रहिवाशांची घरे बांधण्याआधीच चटईक्षेत्र दुसऱ्या विकासकांना विकले गेले, असा ठपका तपासयंत्रणांनी ठेवला. रहिवाशांनी जास्त प्रश्न विचारल्यामुळे पत्राचाळ रखडली, असे म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. ब्रिटिशकाळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींबाबत मात्र असे म्हणणारे खूप भेटतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या, शंभर वर्षांचे बांधकाम. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने बाजूला राहिल्या आणि उरलेल्या १९५ चाळींच्या प्रकल्पाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. मधल्या काळाचे खापर अनेकांनी रहिवाशांच्या "आधी करार, मग घर रिकामे" या मागणीवर फोडले. पण पुढे नेमके तेच करावे लागले: नव्या इमारतीत कोणते घर मिळणार याची संगणकीय सोडत आधी काढली गेली, करार नोंदवले गेले आणि मग लोकांनी खोल्या सोडल्या. जी गोष्ट शेवटी द्यावीच लागली, ती पहिल्याच सभेत दिली असती तर कोणाचा वेळ गेला असता?

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. कार्पेट आणि पार्किंगचे प्रश्न विचारायला बाकीचे आहेतच, ते तुम्ही विचारू नका. तुम्ही पात्रतेची यादी विचारा: ती कोणत्या कागदांवरून केली, ती कधी लावणार, आणि तिच्यावर हरकत कोणाकडे व किती दिवसांत घ्यायची. पोटमाळा, बंद केलेली गॅलरी, खोलीला जोडलेली मोरी यांचे क्षेत्रफळ मोजणीत कसे धरले आहे ते विचारा आणि मोजणीच्या तक्त्याची प्रत मागा, कारण नियमात किमान ३०० चौरस फूट कार्पेट असले तरी ज्यांची जागा त्याहून मोठी आहे त्यांचे सगळे गणित त्या तक्त्यावर उभे असते. बाहेर राहण्याच्या काळातील भाडे विकासकाने थांबवले तर ते कोण देणार आणि त्यासाठी किती रक्कम कुठे बाजूला ठेवली आहे, हा प्रश्न पत्राचाळीनंतर न विचारणे म्हणजे डोळे मिटून सही करणे आहे. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार घर रिकामे करण्यापूर्वी नोंदवून मिळणार का, हे विचारा. उंच इमारतीत लिफ्ट, पंप आणि सफाईचा मासिक खर्च किती येईल आणि कॉर्पसच्या, म्हणजे देखभालीसाठी बाजूला ठेवलेल्या ठेवीच्या, व्याजातून तो भागेल का, हेही विचारा. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला फुकटात मिळालेले घर याच खर्चापायी विकावे लागते.

एक गल्लत मात्र टाळा. सभेत "७९-अ" हा शब्द वारंवार येईल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती, जिच्यासाठी ४ जुलै २०१९ चा शासननिर्णय दाखवला जातो, ती सहकार कायद्यातील ७९-अ खालची आहे. तुमच्या उपकरप्राप्त इमारतीला लागू होणारे ७९-अ म्हाडा कायद्यातील आहे: इमारत धोकादायक ठरल्यावर ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह प्रस्ताव देण्यासाठी घरमालकाला सहा महिने, त्याने तो दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि तेही झाले नाही तर म्हाडाकडून इमारतीचे संपादन. दोन्हींचा घोळ घालून बोलणाऱ्या माणसाला अधिकारी एका वाक्यात गप्प करतात आणि मग त्याचे बाकीचे रास्त प्रश्नही वाहून जातात.

अर्थात प्रत्येक प्रश्न प्रामाणिक असतो असे मी म्हणत नाही. आपल्याला एक खोली जास्त मिळावी म्हणून सगळ्यांची संमती अडवून धरणारे लोक प्रत्येक चाळीत असतात आणि आमच्याही चाळीत होते. त्यांना ५१ टक्क्यांच्या अटीने बाजूला सारले, ते बरेच झाले. दुसरे असे की, इमारत राहण्यास धोकादायक म्हणून जाहीर झाली असेल तर करारासाठी आत थांबू नका. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. कोणताही कागद एवढा मोलाचा नाही. अशा वेळी खोलीचे मोजमाप, फोटो, पावत्यांच्या प्रती आणि ताबा दिल्याची लेखी नोंद घेऊन आधी बाहेर पडा आणि भांडण बाहेरून चालू ठेवा. माझा अनुभव एका चाळीचा आहे, आणि तुमच्या इमारती कोणत्या नियमाखाली येतात त्यावर तपशील बदलतील, तेव्हा एखाद्या वकिलाला मसुदा दाखवल्याशिवाय सही करू नका.

दादाशी माझा वाद मिटलेला नाही. आजही एखाद्या लग्नकार्यात विषय निघाला की तो म्हणतो, "काकूने त्या दिवशी गप्प बसायला हवे होते." त्याच्या खोलीची पावतीही आजोबांच्याच नावाची होती. ज्या लेखी उत्तराच्या आधारे काकांचे नाव यादीत लागले आणि पुढे घराचा करार झाला, ते उत्तर आईच्या पत्राला आले होते; त्या पत्रावर पहिली सही आईची आहे, आणि दादाने त्यावर सही करायला नकार दिला होता. तो सेक्रेटरी होता, शिकलेला होता, हॉलमध्ये त्याचा शब्द चालत होता, आणि तरीही त्या सभेत स्वतःच्या घरासाठी जो प्रश्न त्याने विचारायला हवा होता तो सातवी शिकलेल्या त्याच्या काकूने विचारला. तुमच्या सभेत ज्या दोघातिघांना खाली बसवले, त्यांच्या घरी आज संध्याकाळीच जा, त्यांचे प्रश्न नीट लिहून घ्या, त्याखाली तुमची सही करा आणि पुढच्या सभेच्या आधी ते पत्र कार्यालयात देऊन पोच घ्या.