वीस जणांची पंगत आणि तेविसावा कॉम्प्युटर

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमचा छापखाना आहे. डिझाइन, प्लेट, बिलिंग मिळून २३ कॉम्प्युटर. सगळ्या फाइली एकाच मशीनवरच्या शेअर फोल्डरमध्ये, त्या मशीनवर विंडोज १० प्रो. सकाळी साडेअकराला सगळे कामाला बसले की शेवटच्या दोघातिघांना फोल्डर उघडत नाही. "दादा, फोल्डर काऊन नाही उघडून राहिलं?" ही हाक रोजचीच. रीस्टार्ट केलं की थोडा वेळ चालतं, पण बाकीच्यांच्या उघड्या फाइली खराब होतात. लग्नपत्रिकांचा सीझन तोंडावर आहे, म्हणून नवं मशीन घेतो आहे. त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी? कोणी विंडोज सर्व्हर म्हणतं, कोणी लिनक्स, कोणी फ्रीबीएसडी. पुतण्याला उबुंटू लिनक्स थोडंफार येतं.
— एक मुद्रक, महाल

उत्तर : तुमचं मशीन बिघडलेलं नाही. विंडोज १० आणि ११ च्या डेस्कटॉप आवृत्तीला एका वेळी २० उपकरणंच जोडता येतात. तशी अटच परवान्यात आहे. वीस जणांची पंगत बसली की उरलेले दारात उभे. रीस्टार्ट केलं की सगळे उठतात आणि जो आधी धावेल त्याला पाट मिळतो, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं. रॅम वाढवून किंवा नवा नेटवर्क स्विच बसवून हे सुटणार नाही, त्यावर पैसे घालू नका. शिवाय विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. बदल करायचाच आहे तर सीझन सुरू व्हायच्या आधी करा.

माझं मत सरळ सांगते : डेबियन हे मोफत लिनक्स टाका, त्यावर सांबा, म्हणजे विंडोजच्या कॉम्प्युटरांना फोल्डर शेअर करून देणारा प्रोग्राम.

मी नागपुरात अठरा वर्षं लहानमोठ्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळते आहे. सिस्टिम निवडताना मी आधी दोन गोष्टी विचारते. सुरक्षा अपडेट किती वर्षं येणार, आणि रात्री बंद पडलं तर सुरू कोण करणार? वेगाचं मागाहून बघू. पहिल्या प्रश्नाची किंमत मी मोजली आहे. २०२० मध्ये एका दवाखान्यात मोफत मिळणारं एक नावाजलेलं सर्व्हर लिनक्स मी बसवलं, कारण २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं जाहीर होतं. त्याच डिसेंबरात ती मुदत २०२१ च्या अखेरीवर आणली गेली. दवाखान्याचं काम न थांबवता सगळं पुन्हा बसवायला मला तीन रविवार लागले. डेबियनमागे कंपनी नाही, स्वयंसेवकांचा संघ आहे, आणि १९९३ पासून तो चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट मिळायची आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे : पुतण्या. उबुंटू डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे त्याच्या ओळखीच्या बहुतेक आज्ञा इथेही चालतील.

फ्रीबीएसडी मला मनापासून आवडतं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, त्यात मुळातच येते. डेबियनमध्ये ती वेगळी बसवावी लागते. पण तुमच्या घरात ते येणारा माणूस आज नाही. ज्याची किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूसही बाहेरचा, असं कुलूप दुकानाला लावू नये. विंडोज सर्व्हर चांगलंच आहे, पण त्यात सर्व्हरच्या परवान्याशिवाय प्रत्येक माणसामागे किंवा कॉम्प्युटरमागे वेगळा परवाना लागतो. निव्वळ फाइली ठेवायला तेवढा खर्च करू नका. ते पैसे डिस्कवर घाला.

मांडणी अशी करा. सिस्टिम एका छोट्या एसएसडीवर, लिनक्सच्या साध्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर. फाइली दोन मोठ्या डिस्कवर, झेडएफएसमध्ये एकमेकींची नक्कल म्हणून. कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, अपडेटनंतर कधी झेडएफएसचा भाग तयार झाला नाही, तरी मशीन सुरू होईल आणि पुतण्याला दुरुस्ती करता येईल. सुरक्षा अपडेट आपोआप येऊ द्या, पण रीस्टार्ट मात्र रविवारी, कोणीतरी समोर असताना.

आणि दर तासाला स्नॅपशॉट. हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या धंद्यात याच्याइतकं उपयोगी काही नाही. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी फाइली जशा होत्या तशा गोठवलेल्या. सांबामध्ये एक जोडणी चालू केली की ऑपरेटर आपल्या विंडोजवरच फोल्डरवर राइट क्लिक करून जुन्या आवृत्त्या बघतो. गणेशपेठेतल्या एका डिझाइनरने चार दिवस खपून केलेल्या कॅटलॉगवर चुकून दुसरीच फाइल सेव्ह केली होती. तिचे डोळे भरून आले होते. मी फोनवरूनच तिला राइट क्लिक करायला सांगितलं, अकरा वाजताची आवृत्ती निवडायला सांगितली. दोन मिनिटांत कॅटलॉग परत आला. खंडणीखोर व्हायरसने एखाद्या कॉम्प्युटरवरून शेअरमधल्या फाइली कुलूपबंद केल्या, तरी त्या कॉम्प्युटरवरून स्नॅपशॉटला हात लावता येत नाही.

एक धोक्याची जागा : तुमचं झेरॉक्स मशीन. स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारी जुनी मशीनं बरेचदा नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची एसएमबी१ हीच जुनी भाषा बोलतात. नव्या सांबामध्ये ती बंदच असते. स्कॅन येईना म्हणून कोणी ती चालू करायला सांगेल, करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच वाटेने जगभर पसरला, आणि त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. त्याच मे महिन्यात सांबातही सात वर्षं दडून राहिलेली मोठी त्रुटी उघड झाली होती. तेव्हा लिनक्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अपडेट वेळेवर लावणाराच वाचतो. स्कॅन ईमेलने किंवा एफटीपीने घ्या.

बॅकअप वेगळा हवा. दोन डिस्कची जोडी किंवा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी वस्त्यांत घुसलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या दुपारी मी एका ऑफिसात गेले. सर्व्हर टेबलाखाली, बॅकअपची डिस्क सर्व्हरवर ठेवलेली, दोन्ही चिखलात. मालक काही बोललेच नाहीत, नुसते खुर्चीवर बसून राहिले. एक प्रत रोज तुमच्या घरी जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल खरंच परत काढून उघडून बघा.

नवं मशीन आलं की आधी दोनच कॉम्प्युटर त्यावर आठवडाभर चालवा. मग उरलेले हलवा. जुनं मशीन महिनाभर फक्त वाचण्यापुरतं ठेवा, पुसू नका.

प्रश्न : सर्व्हरच्या खोलीत एसी नाही. उन्हाळ्यात कूलर लावला तर चालेल का?
— कर सल्लागार, धरमपेठ

उत्तर : नाही. कूलर हवेबरोबर ओल आत ओढतो, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षारही. मे महिन्यात असंच एक मशीन उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर पांढरा थर होता, तो बोटाने खरवडावा लागला. उन्हाची भिंत नसलेली आतली खोली बघा, वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा लावा, समोरची जाळी दर पंधरवड्याला ब्रशने साफ करा. डिस्कचं तापमान रोज ईमेलने येईल अशी सोय करा. ते पन्नाशीकडे सरकायला लागलं की दुपारची जड कामं रात्रीवर ढकला. आणि मशीन जमिनीपासून दोन फूट वर, फळीवर ठेवा.