निर्गुडीच्या अर्काची वेदनाशामक चाचणी करायची आहे. फक्त व्रायदिंग टेस्ट पुरेशी आहे का? एका ग्रुपला किती उंदीर घ्यावेत?

पुरेशी नाही. गाइडनी "एवढ्यावर पेपर निघतो" असं सांगितलं असेल तर तेही खरं आहे, आणि म्हणूनच चीड येते.

व्रायदिंग सगळ्यांना आवडते, कारण तिला यंत्र लागत नाही. उंदराच्या पोटात ॲसेटिक ॲसिड टोचलं की कळ येऊन तो अंग ताणतो, ते ताण मोजत बसायचं. पण उंदराची कळ खरंच थांबली, की त्याला नुसती गुंगी आली, हे त्या आकड्यातून कळत नाही. झोप आणणारी, स्नायू सैल करणारी औषधंसुद्धा या चाचणीत वेदनाशामक म्हणून पास होतात.

माझं एम. फार्म मुंबईतच झालं, पारिजातकाच्या पानांवर. सायटिकाला आमच्याकडे त्याचाच काढा देतात. झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममधून, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातून, पानांची ओळख पटवून घेतली, सॉक्सलेट उपकरणावर मिथेनॉलमध्ये अर्क काढला, तोवर गाइड सरांचं नि माझं छान चाललं होतं. मोठ्या डोसच्या ग्रुपमध्ये ताण जवळजवळ बंद झाले. सर खूश. पण ते उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन पडलेले, शेपटी उचलली तरी ढिम्म. म्हटलं, सर, रोटारॉड करू या, फिरत्या दांड्यावर टिकतात का एवढंच बघू. "तुला डिग्री हवीय की नोबेल?" शिवाय अर्क देणारी मी आणि ताण मोजणारीही मीच, कुठला ग्रुप कुठला ते तोंडपाठ. ज्युनिअरला मोजायला बसवते म्हटलं, तर "तिला काय कळतं?"

शेवटी प्राणी नीतिसमितीतल्या पशुवैद्य मॅडमनी माझी बाजू घेतली आणि प्रोटोकॉलमधली दुरुस्ती मंजूर झाली. मोठ्या डोसचे उंदीर दांड्यावरून टपाटप पडले. लहान डोसचे टिकले, त्यांच्यात ताण थोडेच कमी होते, पण खरा निकाल तोच होता. पेपरच्या सारांशात मात्र मोठ्या डोसचा आकडा गेला. पहिलं नाव सरांचं.

तुम्ही फॉर्मालिन टेस्ट जोडा, म्हणजे पंजात फॉर्मालिन टोचून कळ बघायची. पहिल्या पाच मिनिटांतली कळ थेट मज्जातंतूंची, साधारण पंधराव्या ते तिसाव्या मिनिटातली मुख्यतः दाहाची. मॉर्फिन दोन्ही दाबतं, डायक्लोफेनॅकसारखी औषधं प्रामुख्याने दुसरी. हॉट प्लेट, म्हणजे तापलेल्या पत्र्यावरची टेस्ट, केलीत तर 55 अंशांवर 15 सेकंदांचा कट-ऑफ पाळा, तेवढ्यात उंदीर उचला, नाहीतर पंजे भाजतात. मॉर्फिनचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन देऊन तुमच्या अर्काचा परिणाम पुसला जात नसेल तर 'ओपिऑइड मार्ग', म्हणजे मॉर्फिनसारखं काम, हा शब्दही लिहू नका. आणि मोजायला ज्युनिअरलाच बसवा.

निर्गुडीचा पाला लोक गरम करून सांध्याला बांधतात. तुम्ही अर्क तोंडावाटे देणार आणि शेवटी 'पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार' असं लिहिणार? उंदराला (माउस) 400 मिग्रॅ प्रति किलो म्हणजे, माणसाचा डोस काढायला 12.3 ने भागून, 60 किलोच्या माणसाला सुमारे 2 ग्रॅम अर्क. अर्क हं, पाला नव्हे.

अर्थात बी. फार्मच्या प्रोजेक्टला वेळ नि पैसे किती मिळतात ते मला माहीत आहे. सगळं जमणार नसेल तर हॉट प्लेट गाळा, रोटारॉड नको. ग्रुपला सहा उंदीर हा रिवाज आहे, नियम नव्हे. आकडा संख्याशास्त्राच्या माणसाकडून काढून घ्या, समिती त्याचं कारण विचारतेच. मी आता कंपनीत कागदपत्रं तपासते, त्यामुळे अर्जाचे आजचे नमुने कॉलेजातूनच घ्या.