सूत्र बरोबर दिसतं, मग एरर का? : एक्सेलमधल्या ॲरे सूत्रांची (एकाच वेळी अनेक सेलवर काम करणाऱ्या सूत्रांची) प्रश्नोत्तरे

प्रश्न : 'फिल्टर' फंक्शन लिहिलं की एक्सेलमध्ये '#स्पिल!' येतं. सूत्र दहादा तपासलं. चूक कुठे आहे?

बहुतेक वेळा चूक सूत्रात नसते, अडचण जागेची असते. फिल्टर अटीत बसणाऱ्या सगळ्या ओळी देतं, म्हणून त्याचं उत्तर खाली आणि उजवीकडे पसरतं. त्या वाटेत एक जरी सेल भरलेला असला, अगदी त्यात नुसती स्पेस असली, तरी उत्तर अडतं. सूत्राच्या सेलवर क्लिक करा, तुटक रेषेची चौकट दिसेल. तेवढी जागा मोकळी करा. मर्ज केलेले सेल सुटे करा. सूत्र 'टेबल'मध्ये (इन्सर्ट मेनूतून केलेल्या तक्त्यात) असेल तर बाहेर काढा, तिथे उत्तर पसरतच नाही. गुगल शीट्समध्ये वाट अडली की '#रेफ!' दिसतं.

प्रश्न : 'समप्रॉडक्ट'मध्ये (जोडीजोडीने गुणाकार करून त्यांची बेरीज देणाऱ्या फंक्शनमध्ये) अट गुणून बेरीज करतो. कधी '#एन/ए' येतं, कधी '#व्हॅल्यू!'. असं का?

दोन्हींची कारणं वेगळी आहेत. अटीची रेंज (सेलचा पट्टा) ओळ २ ते १०० आणि रकमांची २ ते ९० असेल, तर शेवटच्या दहा ओळींना जोडीदारच नाही, म्हणून '#एन/ए'. दोन्ही रेंज सारख्या करा.

'#व्हॅल्यू!' आलं तर रकमांच्या रांगेत मजकूर शोधा. बहुधा शीर्षकाची ओळ रेंजमध्ये आलेली असते, किंवा एखाद्या 'इफ'ने रिकामी अवतरणचिन्हं दिलेली असतात. तो सेल डोळ्यांना रिकामा दिसतो, पण एक्सेलच्या लेखी तो मजकूरच. गुणाकाराऐवजी स्वल्पविराम वापरला आणि अटीआधी दोन वजाचिन्हं दिली, तर मजकूर शून्य धरला जातो. मी मात्र आधी डेटा दुरुस्त करायला सांगेन, कारण मजकूर म्हणून साठलेली खरी रक्कमही मग गुपचूप शून्य होते.

प्रश्न : 'फिल्टर'मध्ये दोन अटी 'अँड'ने जोडल्या, तर '#व्हॅल्यू!' येतं.

'अँड' सगळ्या ओळी मिळून एकच खरं किंवा खोटं देतं. फिल्टरला तर प्रत्येक ओळीसाठी वेगळं उत्तर हवं. दोन्ही अटी कंसात घालून गुणा. 'किंवा' हवं असेल तर बेरीज करा. हीच चूक 'इफ'मध्ये झाली तर एररही येत नाही, नुसतं चुकीचं उत्तर मिळतं, म्हणून तिथे जास्त जपा. शंका आली तर सूत्रातला अटीचा भाग निवडून एफ९ दाबा, आतली सगळी उत्तरं समोर येतील. बाहेर पडताना एस्केप दाबा, एंटर नको. नाहीतर तीच उत्तरं सूत्रात कायमची बसतात.

प्रश्न : माझं सूत्र सहकाऱ्याच्या एक्सेल २०१९मध्ये चालत नाही.

त्या आवृत्तीत 'फिल्टर' नाहीच. बाकीची ॲरे सूत्रं कंट्रोल-शिफ्ट-एंटरने भरा. महिरपी कंस आपोआप येतात, हाताने टाइप करू नका.