अ‍ॅपॉप्टोसिस : पेशीची 'आत्महत्या' की 'गळ'?

जळगावच्या एका संशोधक विद्यार्थिनीची शंका : कर्करोगाच्या पेशींवरील प्रबंधाचा मराठी सारांश लिहिताना अ‍ॅपॉप्टोसिसला 'पेशींची आत्महत्या' म्हणावे की 'नियोजित पेशीमृत्यू'?

'आत्महत्या' नकोच. मारक टी-पेशीने (रोगप्रतिकारक पेशीचा एक प्रकार) किंवा औषधाने बाहेरून भाग पाडले तरी होतो तो अ‍ॅपॉप्टोसिसच. तिथे 'आत्म' कुठला? 'नियोजित पेशीमृत्यू' हे कुळाचे नाव. नेक्रोप्टोसिस आणि लोहावर अवलंबून असलेला फेरोप्टोसिस हे पेशीमृत्यूचे इतर प्रकारही त्याच कुळातले, त्यामुळे ते एकालाच देता येत नाही.

केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये हा ग्रीक शब्द रूढ केला. अर्थ : पाने किंवा पाकळ्या गळून पडणे. (दुसऱ्या 'प'चा उच्चार करू नये असे त्यांनी सुचवले होते, ते फारसे कोणी मानले नाही.) आता खानदेशात कपाशीची पातेगळ कोणाला समजावून सांगावी लागते का? देठाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि पाते आपसूक सुटते. वाऱ्याने फांदी मोडली तर तिला कोणी 'गळ' म्हणत नाही. 'गळणे' अकर्मक आहे, आतून घडणारे आहे. नेमका हाच भाव हवा, म्हणून 'पेशीगळ'. नेक्रोसिसला (इजेने होणाऱ्या पेशीमृत्यूला) मात्र केळीवरच्या करप्याची उपमा जवळची : पेशी फुगते, आवरण फुटते, आतला ऐवज सांडतो आणि आजूबाजूला दाह होतो.

तरी 'पेशीगळ' एकदाच, ओळख करून देताना वापरावा. पुढे अ‍ॅपॉप्टोसिसच लिहावे. एक तर तो 'केसगळ'सारखा ऐकू येतो. दुसरे, पाते जमिनीवर पडते. इथे पेशी आक्रसते, तिचे आवरणबंद तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळतात.

क्रियापदही जपून निवडावे. चाचणीत फक्त अ‍ॅनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशीच्या आवरणाला चिकटणारे प्रथिन) लागले, प्रोपिडियम आयोडाइड (आवरण फाटलेल्या पेशीतच शिरणारा रंग) आत शिरले नाही, तर 'सुरुवातीच्या अ‍ॅपॉप्टोसिसमधील पेशी' म्हणता येते. दोन्ही लागले तर पेशी उशिराच्या अ‍ॅपॉप्टोसिसमधली की नेक्रोसिसमधली हे ठरत नाही. तिथे 'मृत पेशी' एवढेच लिहावे. अ‍ॅनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागते. पेशी तळापासून सोडवायला वापरलेल्या ट्रिप्सिन या विकराबरोबरचे ईडीटीए हे रसायन नीट धुतले गेले नाही तर ते कॅल्शियम पकडून ठेवते आणि आकडा कमी येतो. अशा वेळी 'अ‍ॅपॉप्टोसिस झाला नाही' असे न लिहिता 'आढळला नाही' लिहावे.